पिस्त्याचे झाड आणि उन्हाळी वर्ग

फुलाचा धडा शिकवताना बहुतेक शिक्षक वर्गात जास्वंद आणतात. जास्वंद बारा महिने मिळते, आकाराने मोठी असते आणि ब्लेडने उभी चिरली की आतले सगळे भाग नीट दिसतात. तरीही धडा संपल्यावर मुलांना 'फूल काढा' म्हटले, की ती पाच पाकळ्या काढतात, मध्ये एक ठिपका देतात आणि मोकळी होतात. पुंकेसर, परागकोश, कुक्षी, अंडाशय ही नावे पाठ असतात, पण मनातले फूल म्हणजे पाकळ्याच. यात मुलांचा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातील नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मनातले फूलही याहून फार वेगळे नव्हते. ते बदलण्यात मोठा वाटा होता तो एका सार्वजनिक बागेत दर उन्हाळ्यात भरणाऱ्या मोफत वर्गाचा, आणि त्या वर्गावर बदली म्हणून आलेल्या एका शिक्षकाचा.

ही बाग पॅरिसमधली. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा एक वैद्य गी द ला ब्रॉस याच्या खटपटीने १६३५ मध्ये औषधी वनस्पतींच्या 'राजाच्या बागे'ची रीतसर स्थापना झाली आणि १६४० मध्ये ती लोकांना खुली झाली. वनस्पतिबाग ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. इटलीत पीसा आणि पादुआ येथे शंभर वर्षे आधीच अशा बागा होत्या. परंतु त्या विद्यापीठांच्या होत्या. पॅरिसच्या बागेचे विद्यापीठाशी जमले नाही, आणि तेच तिच्या पथ्यावर पडले. विद्यापीठातील वैद्यक विभागाला भीती अशी, की राजाच्या आश्रयाने आपल्याला प्रतिस्पर्धी उभा राहतो आहे. तडजोड अशी निघाली, की बागेत शिकवावे, पण पदवी देऊ नये. मग पदवी नाही म्हणून परीक्षा नाही, शुल्क नाही आणि लॅटिनची सक्तीही नाही. वनस्पतिशास्त्र, रसायन आणि शरीररचना हे विषय तेथे चक्क फ्रेंचमध्ये शिकवले जाऊ लागले. विद्यापीठात शिकायचे तर आधी लॅटिन यावे लागे. बागेत यायला पाय असले की पुरे.

वनस्पतींचा वर्ग अर्थातच ऋतूवर अवलंबून होता. हिवाळ्यात पॅरिसमध्ये दाखवण्यासारखे उघड्यावर फारसे काही नसते. त्यामुळे तो उन्हाळ्यात भरे. शिक्षक वाफ्यांमधून चालत जाई आणि झाडापाशी थांबून त्याचे नाव, ओळख आणि गुण सांगे. या कामासाठी प्राध्यापकाच्या हाताखाली 'दर्शक' नावाचे एक पदच होते. रोप हातात घेऊन दाखवणारा माणूस, असा त्याचा साधा अर्थ.

१६९१ च्या सुमारास या वर्गाला एक तरुण शल्यवैद्य येऊ लागला. त्याचे नाव सेबास्तियाँ वायाँ (१६६९ ते १७२२). लहानपणी तो एका मठात ऑर्गन वाजवत असे. पुढे रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकला आणि १६९० च्या फ्लरुसच्या लढाईत जखमींवर उपचार करून आला. आज 'सर्जन' म्हटले की मान मिळतो. त्या काळी तसे नव्हते. शल्यवैद्य हा हाताने काम करणारा कारागीर आणि विद्यापीठाचा पदवीधर वैद्य हा पंडित, अशी सरळ उतरंड होती. अशा माणसाला विज्ञान शिकण्याची जी थोडी दारे उघडी होती, त्यांतले एक राजाच्या बागेचे.

तेथे त्याला गुरू भेटला तो त्या काळचा सर्वांत मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ, जोझेफ पितों द तूर्नफोर. वनस्पतींच्या प्रजातींची घडी बसवण्याचे श्रेय तूर्नफोरला आजही दिले जाते. १६९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात सगळ्या वनस्पतींचे वर्गीकरण आहे, आणि त्याचा मुख्य आधार काय? पाकळ्या! पाकळ्या आहेत की नाहीत, सुट्या की जोडलेल्या, घंटेसारख्या की नरसाळ्यासारख्या. मग पुंकेसरांचे काम काय? तूर्नफोरच्या मते ती उत्सर्जनाची इंद्रिये होती आणि परागकण म्हणजे फुलाने बाहेर टाकलेला मळ.

योगायोग पाहा, की त्याच १६९४ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे रुडॉल्फ कामेरारियस याने नेमके उलटे सांगणारे एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केले होते. तोही विद्यापीठाच्या वनस्पतिबागेचा प्रमुख. एरंडाच्या फुलोऱ्यावरची नरफुले उमलण्याआधी खुडली तर धड बी धरत नाही. मक्याच्या कणसाचे तुरे कापले तर दाणे भरत नाहीत. तुतीचे मादी झाड नरापासून दूर असेल तर फळे धरतात पण बी पोकळ राहते. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की पुंकेसर हे नराचे इंद्रिय आहे आणि परागाशिवाय बी नाही. भांगेच्या झाडाने मात्र त्याला चकवले. वेगळ्या ठेवलेल्या मादी रोपांनीही थोडे बी धरले, आणि त्याने ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. प्रयोगाची वही कशी लिहावी हे मुलांना सांगताना आम्ही हे उदाहरण आवर्जून देतो. मात्र हे पत्र लॅटिनमध्ये होते आणि पॅरिसमध्ये तूर्नफोरचा शब्द अखेरचा होता. पत्राकडे फारसे कोणी पाहिले नाही.

तूर्नफोर १७०८ मध्ये रस्त्यात गाडीचा धक्का लागून वारला. त्याची जागा वायाँला मिळाली नाही. तोपर्यंत तो बागेचा प्रमुख फागों याचा चिटणीस झाला होता आणि बागेची सगळी लागवड पाहत होता, पण प्राध्यापक होण्यासाठी लागणारी वैद्यकाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. प्राध्यापकपदावर १७१० मध्ये आंत्वान द ज्युसिय हा चोवीस वर्षांचा पदवीधर वैद्य आला आणि चाळिशी ओलांडलेला वायाँ उपदर्शकच राहिला. रोपे लावणारा, दाखवणारा, बाग पाठ असणारा माणूस खाली आणि पदवीवाला वर. वाचकांपैकी काहींना हे चित्र ओळखीचे वाटेल.

पुढे ज्युसिय वनस्पती गोळा करण्यासाठी स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासाला गेला. तो नसताना १७१७ च्या उन्हाळी वर्गाचे उद्घाटनाचे भाषण वायाँकडे आले. दिवस १० जून. विषय फुलांची रचना. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले, की फुलातले खरे महत्त्वाचे भाग म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर. पाकळ्या ही त्यांची आवरणे, त्या नसल्या तरी फूल ते फूलच. अंडाशय आणि बीजांड या प्राणिशास्त्रातल्या कल्पना त्याने फुलाच्या वर्णनात सरळ वापरल्या.

पॅरिसच्या जुन्या भिंतींवर उगवणारे पारिएतारिया नावाचे एक क्षुल्लक तण आहे. त्याचे पुंकेसर कळीत वाकून दाबलेले असतात आणि कळी उमलताच स्प्रिंगसारखे ताड्कन सरळ होऊन परागाचा धूर उडवतात. वायाँने त्याचे वर्णन केले आहे, आणि भाषा तर अशी, की जणू फुलांच्या लग्नघरात श्रोत्यांना नेऊन बसवले आहे. काहींना ती रुचली नाही. नंतरच्या टीकाकारांनी तिला अश्लीलही ठरवले. आमचे मत विचाराल तर अचूक निरीक्षणाला थोडी रंगतदार भाषा लाभल्याने बिघडत काही नाही. त्या उन्हाळ्यातला एकही श्रोता पुंकेसराचे काम विसरला असेल असे वाटत नाही.

बागेत तेव्हा पिस्त्याचे एक झाड होते, १७०२ च्या सुमारास लावलेले. पिस्त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, पपईसारखी. फुलांना पाकळ्या मुळीच नसतात आणि पराग वाऱ्याने वाहून जातो. म्हणजे पाकळ्यांवर उभ्या असलेल्या मताला खोटे पाडायला याहून चांगले झाड शोधून सापडले नसते. वायाँच्या विवेचनाशी या झाडाचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

वायाँचे सगळेच बरोबर होते असे नाही. परागकण स्वतः अंडाशयापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांतून निघणारी सूक्ष्म वाफ पोहोचते, असे तो मानत होता. परागकणातून नलिका फुटून ती कुक्षीतून खाली उतरते, हे इटलीच्या आमिचीने सूक्ष्मदर्शकातून पाहिले ते थेट १८२० च्या दशकात. शिवाय ज्याच्या वर्गात बसून तो शिकला, त्या दिवंगत तूर्नफोरवर त्याने जे तिखट वार केले, त्यांची काही गरज नव्हती. त्याने आपले शत्रू विनाकारण वाढवले. भाषण १७१८ मध्ये छापले गेले ते पॅरिसमध्ये नव्हे, हॉलंडमधील लायडन येथे, एका बाजूला लॅटिन आणि एका बाजूला फ्रेंच असे. वायाँ चारच वर्षांनी वारला. पॅरिस परिसरातील वनस्पतींवरचा त्याच्या आयुष्यभराचा ग्रंथही लायडनच्या बूरहावने १७२७ मध्ये प्रकाशित केला.

आता पॅरिस सोडून स्वीडनमधील उप्साला येथे जाऊ या, कारण वायाँच्या वर्गाचे फळ तिकडे धरले. तेथे कार्ल लिनियस नावाचा एक गरीब विद्यार्थी शिकत होता. वायाँच्या मताची माहिती त्याच्या वाचनात आली आणि तो बागेतील फुले उघडून पुंकेसर मोजत सुटला. १७२९ च्या अखेरीस त्याने नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्या प्राध्यापकाला एक हस्तलिखित दिले. विषय वनस्पतींचे विवाह. नाव लॅटिन, पण मजकूर स्वीडिश, म्हणजे त्याच्या मातृभाषेत. ते वृद्ध प्राध्यापक रुडबेक यांच्या हाती पडले. रुडबेक यांना बागेतले वर्ग घेणे नको झाले होते. त्यांनी १७३० च्या वसंतातले ते काम या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर सोपवले. पुन्हा एक बदली शिक्षक, पुन्हा बाग आणि पुन्हा फुलांचा हंगाम! बावीस वर्षांच्या लिनियससमोर श्रोते शेकड्यांनी जमले. पुढे पुंकेसरांची संख्या आणि मांडणी यांवर त्याने वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले आणि १७५३ च्या ग्रंथात त्याच चौकटीत वनस्पतींना द्विनाम दिले.

लिनियस स्वतः प्राध्यापक झाल्यावर तर त्याच्या उन्हाळी सहलींनी उप्साला दणाणून गेले. विद्यार्थी सैल कपडे घालून भल्या सकाळी निघत, दिवसभर रोपे गोळा करत आणि संध्याकाळी शिंग-नगाऱ्यांच्या गजरात बागेत परतत. १७४८ मध्ये विद्यापीठाच्या वरिष्ठांनी यावर आक्षेप घेतला. हा गोंगाट अभ्यासाला शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. शाळेची सहल काढून मुख्याध्यापकांची बोलणी खाल्लेल्या शिक्षकांनी लिनियसला आपल्यातला समजायला हरकत नाही.

सेंट पीटर्झबर्गच्या झीगसबेकने लिनियसच्या पद्धतीवर अनैतिकतेचा आरोप केला होता. झीगसबेकचे नाव लिनियसने एका चिकट, नगण्य तणाला दिले. सीजेसबेकिया ओरिएंतालिस हे ते तण पावसाळ्यानंतर महाबळेश्वरच्या वाटांवरही दिसते. छोटी पिवळी फुले आणि त्यांखाली बोटांना चिकटणारी हिरवी छदे, ही त्याची खूण.

पॅरिसची राजाची बाग राज्यक्रांतीतही टिकली. १० जून १७९३ रोजी, म्हणजे वायाँच्या भाषणानंतर बरोबर शहात्तर वर्षांनी, तिचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले. मोफत व्याख्याने पुढेही चालू राहिली. पिस्त्याचे ते नर झाड आजही तेथे पर्वतीय वनस्पतींच्या विभागात उभे आहे.

काही वर्षांपूर्वी एका शहरातील सार्वजनिक बागेत शिक्षकांसाठी पावसाळी कार्यशाळा घेण्याचे काम आमच्याकडे आले होते. आम्ही रंगीत तक्ते करून नेले होते आणि पाऊस आल्यामुळे पहिला तासभर छपराखाली तेच दाखवले. पाऊस थांबल्यावर सगळे बाहेर आले. माळ्याच्या खोलीमागे पपईची चार-पाच झाडे होती. त्यांतल्या एकाला लांब लोंबते फुलोरे होते आणि फळ एकही नव्हते. हे झाड का ठेवले असेल, असे आम्ही विचारले. खानदेशातून आलेल्या एक बाई लगेच म्हणाल्या, "आमच्या मळ्यात दहा मादीमागे एक नर ठेवतात. नाहीतर फळ नीट धरत नाही." त्यांचे वडील हे आयुष्यभर करत आले होते, आणि त्या स्वतः बारा वर्षे परागणाचा धडा शिकवत होत्या. परंतु या दोन गोष्टी एकच आहेत हे त्या झाडापाशी उभे राहीपर्यंत मनात आले नव्हते, असे त्यांनीच सांगितले. त्यानंतर तक्ते आम्ही पुन्हा उघडले नाहीत.

पारिएतारियाचा चमत्कार पाहायला पॅरिसला जावे लागत नाही. आपल्या तुतीच्या नरफुलांतही पुंकेसर तसेच वाकून दाबलेले असतात. ते किती वेगाने सुटतात याचे मोजमाप २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे: एका सेकंदाच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागात, ध्वनीच्या निम्म्याहून अधिक वेगाने. शाळेच्या आसपास तुतीचे नर झाड असेल तर फुलोरा येताच उमलायला टेकलेली एक फांदी सकाळी तोडून पाण्यात ठेवावी, मागे काळा कागद धरावा आणि कोवळे ऊन पडू द्यावे. कळ्या सुकू लागल्या की एकेक पांढरा फुत्कार दिसू लागतो. मुलांना तो मोजायला सांगावा, आणि त्या फुलाला पाकळ्या किती आहेत तेही.