ज्ञानदूत : विलंब नेमका कोठे?

धार आणि देवास ही मराठी वाचकांना पवारांची संस्थाने म्हणून परिचित आहेत. त्यांपैकी धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ हे संगणकजाळे सुरू झाले. गावच्या ‘सूचनालया’त शेतकऱ्यास मंडीचे भाव व जमिनीचे उतारे मिळत, दाखल्याचे अर्ज व तक्रारीही तेथूनच पाठविता येत. त्याच वर्षी या प्रकल्पास स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार लाभला.

तथापि कामात अडथळे येत राहिले. वीज वारंवार खंडित होई आणि ग्रामीण टेलिफोन लाइन मंद व बेभरवशाची होती. टेलिफोनच्या अडचणीवर मद्रास आयआयटीत विकसित झालेले ‘कॉरडेक्ट’ हे बिनतारी तंत्र आणले गेले. परंतु एक गाठ तारेत नव्हतीच. अर्ज तहसिलीत लवकर पोहोचे, पुढील तपासणी व सही मात्र कार्यालयाच्याच गतीने होई. आणि दाखला घेण्यासाठी मजुरी बुडवून तेथे जावे लागे ते लागेच.

तात्पर्य, संगणकीय व्यवस्थेचा वेग तिच्या सर्वांत मंद टप्प्यावर ठरतो. आपल्या महाविद्यालयांत प्रवेश वा शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन घेताना नवा सर्व्हर घेण्याआधी प्रत्येक टप्प्यास लागणारा वेळ मोजावा, हाच धारचा धडा होय.