गोदामांच्या नावाच्या टेकड्या



पोस्टिंग डिमापूरला आल्याचं घरी कळवलं, तेव्हा आमच्या काकांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "तिथं तरी बंदूक चालवणार, का तिथंही पोतीच मोजणार?" मी स्टोअरकीपर. भरती झाल्यापासून माझा संसार म्हणजे बिन कार्ड, लेजर, इंडेंट आणि कानामागे खोचलेली पेन्सिल. फायरिंग आम्हीही करतो, पण गावात ते कोणाला पटत नाही. काकांना फोनवर उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हा लेख. नशिबाने पोस्टिंग अशा जागी आली आहे की पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. (आजच्या डेपोबद्दल अर्थातच एक अक्षरही लिहिणार नाही. इथे आहे ते सगळं १९४४ चं.)

ब्रह्मदेश १९४२ मध्ये जपान्यांच्या हाती गेला आणि डिमापूर एकदम महत्त्वाचं झालं. तेव्हा इथल्या रेल्वे स्टेशनचं नाव होतं मणिपूर रोड. कलकत्त्याहून निघालेला माल आधी ब्रॉडगेजवर, मग मीटरगेजवर, मधे ब्रह्मपुत्रा ओलांडायला फेरी, आणि मग इथे. पुढे कोहिमा आणि इम्फाळकडे जाणारा एकच डोंगरी रस्ता. तो लष्करी वाहतुकीजोगा करायला चहामळ्यांतले हजारो मजूर लावले होते. एकाच खोक्याची इतक्या वेळा चढउतार म्हणजे काय, हे ज्याने कधी व्हाउचर जुळवलं आहे त्यालाच कळेल. निघाले शंभर नग, पोहोचले सत्त्याण्णव, आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी "आमच्याकडून पूर्ण गेले" अशी सही.

हा तळ केवढा होता? लांबी अकरा मैल, रुंदी एक मैल. चौदाव्या आर्मीचे सेनापती जनरल स्लिम यांनीच हे माप लिहून ठेवलं आहे. त्यात दारूगोळा, रेशन, कपडे, औषधं, गाड्यांचे सुटे भाग. जपानी सेनापती मुतागुची याची नजर याच साठ्यांवर होती. त्याच्या सैन्याने १५ मार्च १९४४ च्या सुमारास चिंदविन नदी ओलांडली. कोहिमाकडे निघालेल्या जनरल सातोच्या ३१ व्या डिव्हिजनजवळ जेमतेम तीन आठवड्यांचं रेशन होतं. बरोबर जनावरं हाकत आणली होती, त्यातली बरीच नदीत आणि डोंगरात गेली. बाकीचं शत्रूच्या गोदामातून घ्यायचं, असा हिशेब. स्टोअरच्या भाषेत सांगायचं तर इंडेंट आमच्या नावावर आणि माल दुसऱ्याच्या शेडमधून!

स्लिम यांच्या आठवणींतला एक प्रसंग मला फार आवडतो. कोहिमावर संकट आलेलं, डिमापूर उघडं पडलेलं. ते तळाच्या ब्रिगेडियरला विचारतात, तुमची रेशन स्ट्रेंथ किती? उत्तर येतं, पंचेचाळीस हजाराच्या आसपास. त्यातले लढायला किती काढता येतील? रायफल चालवता येणारे पाचेकशे मिळतील.

पुस्तकं वाचणारे लोक इथे त्या पाचशेवर थांबतात आणि "काय ही अवस्था" म्हणतात. मी थांबतो पंचेचाळीस हजारावर. रेशन स्ट्रेंथ हा आकडा अंदाजाने सांगायचा नसतो. किती तोंडं जेवणार ते रोज कोणीतरी बसून लिहितं. कोण आलं, कोण सुट्टीवर गेलं, कोण इस्पितळात. शंभर जास्त लिहिले तर पीठ सडतं, शंभर कमी लिहिले तर माणसं उपाशी राहतात. त्या गोंधळात, शत्रू दारात असताना, ब्रिगेडियरला हा आकडा तोंडपाठ होता. याचा अर्थ हमाल, ड्रायव्हर, स्वयंपाकी, क्लार्क यांच्या त्या गर्दीत हिशेब अजून चालू होता. मला तरी ही लढाईतलीच कामगिरी वाटते.

आता कोहिमा. डिमापूरपासून ७४ किलोमीटर. तिथल्या रणभूमीचा जुना नकाशा पहिल्यांदा बघितला आणि मला हसूच आलं. गॅरिसन हिल, कुकी पिकेट, जेल हिल ही नावं समजण्यासारखी. पण मधे एफएसडी हिल, म्हणजे फील्ड सप्लाय डेपोची टेकडी. तिच्या शेजारी डीआयएस हिल, म्हणजे रोजच्या वाटपाच्या स्टोअरची टेकडी. पलीकडे जीपीटी रिज, तीही वाहतूक कंपनीच्या नावाची. शांततेच्या काळात ज्या टेकडीवर ज्याची शेड, त्याचं तिला नाव. मग त्याच शेडमधून हातघाईची लढाई झाली. जपान्यांनी याच टेकड्यांना घोडा, माकड, कुत्रा अशी प्राण्यांची नावं दिली होती म्हणतात.

डीआयएस टेकडीवर पाव भाजायच्या विटांच्या भट्ट्या होत्या. जपानी सैनिक रात्री आत घुसले आणि त्या भट्ट्यांत दडून बसले. रॉयल वेस्ट केंट पलटणीचा लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन एकेका भट्टीकडे जाऊन आत ग्रेनेड टाकत गेला. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, तो त्याच टेकडीवर मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डीआयएस पडली, १७ एप्रिलच्या सुमारास एफएसडीही पडली. वेढ्यात अडीच हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली निदान हजारभर न लढणारी, म्हणजे आमच्या जातकुळीची. पाणी तोडलं गेलं आणि माणशी दिवसाला पेलाभर पाण्यावर वेळ आली. विमानातून पाणी आणि मॉर्टरचे गोळे टाकले, तर त्यातले बरेच जपान्यांच्या बाजूला पडले. त्यांनी आधीच आपल्या मॉर्टर पकडल्या होत्या, त्यातून तेच गोळे परत आले.

माल टाकायच्या छत्र्यांचीही एक गोष्ट आहे. रेशमी छत्र्या पुरेनात. स्लिम आणि त्यांचे पुरवठा प्रमुख स्नेलिंग यांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडे तागाच्या छत्र्या मागितल्या. एक छत्री सुमारे एका पौंडात तयार झाली, जिथे नेहमीच्या छत्रीला वीसेक पौंड लागत. माणसाला घेऊन उडी मारण्याजोगी ती नव्हती, पण पिठाच्या पोत्याला चालून गेली. पर्याय म्हणून दिलेला माल असा रोज मिळत नाही.

या कामाला आपल्याकडे नवं कोणी समजू नये. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन वेगळे अधिकारी असत. माणसं एकाच्या हाती, हिशेब दुसऱ्याच्या, कोठार तिसऱ्याच्या. एकट्याने पूर्ण गड विकू नये म्हणून हा बंदोबस्त. आजही माल देणारा आणि लेजर लिहिणारा एकच माणूस नसावा, हा आमचा पहिला नियम आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर दारूखाना घराजवळ नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढून उन्हं दाखवून पुन्हा मोहोर करून ठेवावी, असं बारीकसारीक सांगितलं आहे. कारखानीस, सबनीस, कोठावळे ही आडनावं आपल्यात अजून आहेत. काकांच्या शेजारीच एक कोठावळे राहतात.

सातोकडे परत येतो. मे अखेरीस त्याच्या डिव्हिजनजवळ खायला काही उरलं नव्हतं. मागून पुरवठा येत नव्हता, डिमापूर हाती लागलं नव्हतं. वरिष्ठांचा हुकूम बाजूला ठेवून त्याने माघार घेतली. त्याबद्दल त्याला काढून टाकलं. परतीच्या वाटेवर त्याची माणसं गोळीपेक्षा भुकेने आणि रोगाने जास्त मेली. इम्फाळ-कोहिमा रस्ता २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ पुन्हा उघडला आणि डिमापूरचा माल वर जाऊ लागला.

कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत १४२० कबरी आहेत. वरच्या अंगाला ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांच्या दहनाचं स्मारक आहे. मी गेलो तेव्हा नावं वाचत तासभर उभा होतो. नावांबरोबर पलटणी आणि कोअर लिहिलेल्या आहेत. सप्लायवाले, ट्रान्सपोर्टवाले पलटणीच्या जवानांच्या रांगेतच आहेत. काकांना त्यातला एक फोटो पाठवला आहे, अजून उत्तर नाही.

याच मोहिमेत मार्चमध्ये सांगशाकला चौथी मराठा लढली. तिथे काटेरी तार नव्हती, पाणी नव्हतं, आणि विमानाने टाकलेला बराच माल शत्रूच्या हाती पडला. तरी त्या आठवडाभरात सातोचा कोहिमाकडचा वेळ वाया गेला. तिकडे जायला सुट्टी आणि गाडी दोन्ही मिळाली तर पुढचा लेख त्यावर. रस्ता सध्या पावसाच्या मर्जीवर आहे.

जय हिंद.