मुलासाठी रेस्पाइट केअर: पालकांनी काय जाणून घ्यावे?

मूल रोज आकांत करते, वस्तू फेकते, स्वतःला मारून घेते, रात्री झोपत नाही. अशा मुलाला सांभाळताना आईवडिलांची झोप आणि संयम दोन्ही संपतात. मुलाला काही तास किंवा एक-दोन दिवस दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे सोपवणे म्हणजे रेस्पाइट केअर, म्हणजेच विसावा सेवा. यात तुम्ही मुलाला टाकत नाही. मात्र ही सोय उपचारांची जागा घेत नाही.

सरकारी सोय आहे का?
राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. फक्त तीव्र चिंता, नैराश्य किंवा वर्तनसमस्या असलेले मूल तिच्यात बसत नाही. त्यामुळे बहुतेक घरांना ही सोय नातेवाइकांच्या मदतीने स्वतःच करावी लागते.

सुरुवात कशी करावी?
• अगदी थकून जाण्याआधी सुरू करा. माणिकपूरमध्येच राहणारी आत्या, मावशी किंवा आजी असेल, तर आधी तुमच्याच घरी दोन तास, मग अर्धा दिवस, मग एक रात्र.
• औषधे व त्यांच्या वेळा, मूल कशाने चिडते, कशाने शांत होते आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून द्या.
• औषधे कुलपात ठेवायला सांगा.
• परत कधी येणार ते मुलाला सांगा आणि त्या वेळेला या.

रुग्णालयात ठेवता येईल का?
केवळ पालकांच्या विश्रांतीसाठी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार घराजवळचे उपाय अपुरे पडले तरच अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करता येते. त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा सोबतीची व्यक्ती पूर्ण वेळ जवळ असावी लागते. कोणतीही संस्था निवडताना नोंदणी प्रमाणपत्र पाहा. भेटायला मनाई असेल तर मूल तिथे ठेवू नका.

केव्हा थांबू नये?
मूल मरणाची भाषा करत असेल, स्वतःला गंभीर इजा करत असेल किंवा तुमचाच हात त्याच्यावर उठेल असे वाटत असेल, तर मुलाला एकटे सोडू नका. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला लगेच जवळ बोलवा. तातडीचा धोका असल्यास ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते. पुढील तपासणीसाठी वसई रोडहून थेट लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येईल.

तुम्ही टिकलात, तरच मुलाचे उपचार टिकतील.