स्पंज, पोवळी आणि समुद्राची खोली

पूर्वी कचेरीतील टेबलावर तिकिटे भिजवण्यासाठी पाण्याची वाटी असे आणि तीत स्पंजाचा एक तुकडा असे. पुढे त्याची जागा रबराने घेतली. हा तुकडा म्हणजे समुद्रातील एका प्राण्याचा सांगाडा आहे, ही गोष्ट रोज त्यावर बोट दाबणाऱ्या कारकुनाच्या क्वचितच ध्यानात येई. त्याला दोष देण्याचे कारण नाही. स्पंज हा प्राणी की वनस्पती, हा वाद अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता. 1825 च्या सुमारास एडिंबरो येथे रॉबर्ट ग्रँट याने जिवंत स्पंज भिंगाखाली ठेवला आणि त्याच्या मोठ्या छिद्रांतून पाण्याचा अखंड झोत बाहेर पडताना पाहिला. तोंड नाही, पोट नाही; असंख्य सूक्ष्म रंध्रांतून पाणी आत घ्यावे, त्यातील जीवाणू टिपावेत आणि उरलेले पाणी बाहेर टाकावे, एवढाच या प्राण्याचा प्रपंच.

या ग्रँटच्या हाताखाली काही काळ वावरलेला एक तरुण पुढे ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासास निघाला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. एप्रिल 1836 मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी जहाजाच्या कप्तानाने प्रवाळभित्तीच्या बाहेरच्या उतारावर खोली मोजली. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा आणि त्याच्या बुडाला चरबी, असे ते साधन होते. दहा वावांच्या आत चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे उमटत. खाली जावे तसतशी वाळू अधिक चिकटून येई आणि वीस वावांपलीकडे बहुधा वाळूच मिळे. पोवळी उथळ पाण्यातच भित्ती रचतात, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि 1842 च्या आपल्या ग्रंथात डार्विनने त्यावर मोठा सिद्धान्त उभारला. निष्कर्ष बरोबर होता. पण वरून सोडलेला गोळा सरळ खाली जातो. कड्याच्या उभ्या अंगावर, कपारीत, पोवळ्याच्या छताखाली काय राहते, हे त्याला समजत नाही. आणि स्पंजांची खरी वस्ती तर तेथेच असते!

त्याच सुमारास, 1841-42 मध्ये, एडवर्ड फोर्ब्स हा निसर्गशास्त्रज्ञ ईजियन समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्याने तपासत होता. त्याने खोलीप्रमाणे जीवसृष्टीचे आठ पट्टे पाडले आणि तीनशे वावांखाली जीवनच नसावे, असे अनुमान केले. हे अनुमान पुढे साफ खोटे ठरले. पट्ट्यांची कल्पना मात्र टिकली. गंमत अशी की, त्याच समुद्रात कालिम्नोस आणि सिमी या बेटांवरील पाणबुडे चपटा दगड हाती धरून, एका श्वासात, स्पंजासाठी तळ गाठत होते. कोणत्या खोलीवर कोणता स्पंज मिळतो, हे त्यांना पोटासाठी ठाऊक असावेच लागे. 1860 नंतर त्यांना शिरस्त्राणाचा पोशाख मिळाला. माणूस तासन् तास खाली राहू लागला, घाईने वर येऊ लागला आणि अंग लुळे पडून आयुष्यातून उठू लागला. रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे हे त्याचे कारण, असे पॉल बेर याने 1878 मध्ये दाखविले. टप्प्याटप्प्याने वर येण्याची हॉल्डेन यांची कोष्टके प्रसिद्ध झाली ती 1908 मध्ये. तोपर्यंत अनेक घरांतला कर्ता पुरुष गेला होता.

या कोष्टकांचा वारसा घेऊन आणि पाठीवर हवेची नळकांडी बांधून थॉमस गोरो जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर पाण्यात उतरला. 1959 मध्ये त्याने तेथील प्रवाळभित्तीचे पट्टे प्रत्यक्ष पाहून नोंदविले. पोवळ्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. त्यांना ऊन हवे. म्हणून खोलीबरोबर पोवळी विरळ होतात आणि उरतात ती उजेड झेलण्यासाठी थाळीसारखी पसरतात. स्पंजाला उन्हाची तेवढी गरज नाही. कॅरिबियन समुद्रात खोलीबरोबर स्पंज वाढतच जातात. तो भरभराटीस येतो तो वाढत्या अन्नामुळे, की पोवळ्यांशी असलेली स्पर्धा कमी झाल्यामुळे, यावर आजही विद्वानांत कडाक्याचा वाद आहे. सर्वत्र असेच घडते असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभित्तीवर, स्वच्छ पाण्यात, काही चपटे स्पंज पोवळ्यांप्रमाणेच आपल्या अंगातील जीवाणूंकरवी उन्हावर जगतात.

येल विद्यापीठाचे विलार्ड हार्टमन यांच्यासह गोरोने 1963 मध्ये दाखविले की, खोल उतारावर चुनखडी पोखरणारे स्पंज पोवळ्याची बारीक बैठक कुरतडतात आणि ते थाळीसारखे पोवळे निखळून खाली कोसळते. पुढे 1979 मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर दुसरी बाजू दिसली: तेथे काही स्पंज सुट्या पोवळ्यांना एकत्र धरून ठेवतात. एकाच कुळात पाडणारेही आहेत आणि सांधणारेही.

माझ्या मते या जोडीचा सर्वांत मोठा शोध निराळाच आहे. 1911 मध्ये हिक्सन या प्राणिशास्त्रज्ञाने क्यूबाजवळून आलेल्या एका दगडी जीवाचे वर्णन पोवळ्यांच्या वर्गात केले होते. नमुना जाळ्यातून आलेला. जिवंत रूप कोणी पाहिलेले नव्हते. गोरो आणि हार्टमन यांना तो जमैकाच्या अंधाऱ्या गुहांत जिवंत भेटला आणि ते पोवळे नसून चुनखडीचा सांगाडा करणारा स्पंज आहे, हे कळले. 1970 मध्ये त्यांनी त्याचा सविस्तर वृत्तान्त दिला. त्याच वर्षी गोरोचे निधन झाले. पुढे 1975 मध्ये असे प्रसिद्ध झाले की, सत्तर ते शंभर मीटर खोलीवर, जेथे पोवळी जवळजवळ हार खातात, तेथे भित्ती रचण्याचे काम मुख्यतः हाच स्पंज करतो. त्याची वाढ वर्षाला सुमारे 0.2 मिलिमीटर. दहा सेंटिमीटर जाडीला पाचशे वर्षे लागतात.

गोरोने पाहिलेली उथळ भित्ती आता नाही. 1980 चे अ‍ॅलन चक्रीवादळ, 1983 मध्ये शैवल खाणाऱ्या काळ्या समुद्रसाळूंवर आलेली साथ आणि त्याआधीपासूनची बेसुमार मासेमारी यांत ती गेली. तळाचा निम्मा भाग झाकणारी जिवंत पोवळी सुमारे दीड दशकात पाच टक्क्यांखाली आली. तिचे रूप आज त्याच्या नोंदींतच पाहावे लागते. खालच्या अंधारातील त्या संथ स्पंजानेही आपले दप्तर राखले होते. 1986 मध्ये जमैकाच्या अशा एका स्पंजाचे थर तपासले गेले. दगडी कोळसा आणि खनिज तेल यांतील कार्बनमध्ये त्याचा जड प्रकार कमी असतो. आणि जसजसे थर अलीकडचे, तसतसे त्या जड कार्बनचे प्रमाण घटत गेलेले आढळले. युरोपातील आणि अमेरिकेतील गिरण्यांच्या धुराड्यांतून निघालेला धूर कॅरिबियनच्या त्या उताराच्या पाण्यात, एका स्पंजाच्या सांगाड्यात, साल दरसाल जमा होत गेला होता.