नर्सेसना स्वतःच्या चुका लिहून ठेवायला का सांगतात? काय आहे 'रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस'?

रात्रीचे अडीच वाजलेत. सरकारी रुग्णालयातला मेडिसिन वॉर्ड. नाइट ड्युटीवरच्या विद्यार्थिनीला एक आजी दोनदा सांगतात, "बाळा, हात दुखतोय गं." ती सलाईनकडे बघते. थेंब नीट पडतायत. "सुई आहे ना आजी, थोडं दुखणारच," असं म्हणून ती पुढच्या बेडकडे जाते. पहाटे इन्चार्ज सिस्टर राउंडला येतात, तेव्हा आजींचा हात कोपरापर्यंत सुजलेला असतो. सुई शिरेतून निसटली होती आणि सलाईन कातडीखाली साचत होतं.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण तुमच्या ओळखीच्या कोणत्याही नर्सला विचारा, अशी एखादी रात्र तिला आठवेलच.

पुढे काय होतं? सलाईन काढून दुसऱ्या हाताला लावतात. विद्यार्थिनीला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. विषय संपतो. या सगळ्यातून ती शिकते एवढंच की सिस्टर रागावतात.

हा विषय तिथेच संपू नये, यासाठी जगभरच्या नर्सिंग शिक्षणात एक पद्धत वापरली जाते. तिचं नाव रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस. मराठीत याला 'चिंतनशील सराव' म्हणतात, पण हा शब्द ऐकून कुणाला चिंतन करावंसं वाटेल असं नाही. साध्या भाषेत सांगायचं तर, आपण केलेल्या कामाकडे ठरवून मागे वळून बघायचं, तसं का घडलं ते शोधायचं आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते ठरवायचं.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड शॉन यांचं 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' हे पुस्तक 1983 मध्ये आलं. मुरलेली माणसं फक्त पुस्तकातले नियम लावत नाहीत, तर काम करता करता विचार करतात आणि काम झाल्यावरही करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1988 मध्ये ब्रिटनमधले ग्रॅहम गिब्ज यांनी या विचाराला सहा पायऱ्यांचं चक्र दिलं. गंमत म्हणजे गिब्ज नर्सिंगचे नव्हेतच. त्यांचं क्षेत्र उच्च शिक्षणातल्या अध्यापनाचं. पण त्यांचं चक्र आज सर्वाधिक गिरवलं जातं ते नर्सिंग कॉलेजांमध्ये.

काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट झालं, ते तसं का झालं, आणखी काय करता आलं असतं आणि आता पुढे काय, या त्या सहा पायऱ्या.

आता आजींच्या प्रसंगाकडे परत येऊ. पहिली पायरी सोपी आहे, घडलं तसं लिहायचं. दुसऱ्या पायरीवर आपली विद्यार्थिनी प्रामाणिक असेल तर लिहील, "मला सिस्टरना उठवायची भीती वाटली." इथे खरी मेख आहे. तिसऱ्या पायरीवर ती लिहील की आजींशी प्रेमाने बोलले, पण त्यांचं ऐकलं नाही.

चौथ्या पायरीवर जरा थांबायला हवं. तिने थेंब बघितले, हात बघितला नाही. थेंब पडतायत म्हणजे सुई शिरेतच आहे, असा तिचा समज होता. तो चुकीचा आहे, कारण सुई निसटल्यावरही थेंब काही वेळ पडत राहू शकतात. म्हणजे हा निव्वळ हलगर्जीपणा नव्हता, तिच्या माहितीत एक भोक होतं. आणि वॉर्डात रात्री कुणाला विचारायची सोय नव्हती, ही तिसरीच गोष्ट. नुसतं रागावल्याने यातलं काहीच बाहेर आलं नसतं.

शेवटच्या पायरीवर "यापुढे काळजी घेईन" लिहिलं तर सगळी मेहनत वाया. त्याऐवजी असं लिहायला हवं: प्रत्येक फेरीत सुईच्या जागेला हात लावून बघेन, दोन्ही हात शेजारी ठेवून सूज आहे का पाहीन, आणि पेशंट दुखतंय म्हणाला तर आधी सलाईन बंद करेन, मग कारण शोधेन.

ब्रिटनमध्ये तर हे सक्तीचं आहे

महाराष्ट्रातून ब्रिटनला नोकरीसाठी जाणाऱ्या नर्सेसची या पद्धतीशी गाठ पडतेच. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने एप्रिल 2016 पासून 'रिव्हॅलिडेशन' सुरू केलं. दर 3 वर्षांनी नोंदणी टिकवायची तर किमान 450 तास काम आणि 35 तास शिक्षण दाखवावं लागतं. त्यातले 20 तास इतरांसोबत शिकण्याचे हवेत. शिवाय कामाबद्दल मिळालेले 5 अभिप्राय आणि स्वतः लिहिलेली 5 चिंतनं. ही चिंतनं घेऊन नोंदणीकृत सहकाऱ्याशी समोरासमोर चर्चाही करावी लागते. लेखनात पेशंटची ओळख पटेल असं काहीही चालत नाही.

कागदावर सगळं छान आहे. पण स्वतःच्या हाताने लिहिलेली चूक उद्या आपल्याच विरोधात वापरली गेली तर?

ही भीती 2018 मध्ये ब्रिटनभर पसरली. 2011 मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात एका 6 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात शिकाऊ डॉक्टर हदिझा बावा-गार्बा आणि एक नर्स यांना 2015 मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवण्यात आलं. जानेवारी 2018 मध्ये डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं गेलं, ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने ते परत आणलं. मधल्या काळात चर्चा अशी रंगली की तिने लिहिलेलं चिंतनच तिच्याविरुद्ध पुरावा झालं. तिच्या बाजूच्या संस्थेने स्पष्ट केलं की तिचा ई-पोर्टफोलिओ ज्युरीसमोर आलाच नव्हता. पण तोवर अनेकांनी खरं लिहिणं थांबवायचं मनावर घेतलं होतं.

2019 मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या 9 नियामक संस्थांच्या प्रमुखांनी एकत्र निवेदन काढलं. तक्रारीच्या चौकशीसाठी आम्ही कुणाची वैयक्तिक चिंतनं मागणार नाही, असं त्यात सांगितलं. नर्सिंगची कौन्सिलही त्यात होती. कोर्टाचा अधिकार मात्र वेगळा. तो या निवेदनाने संपत नाही.

आपल्याकडे काय?

भारतात बीएस्सी नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम 2021 मध्ये अधिसूचित झाला आणि सेमिस्टर-क्रेडिट पद्धत आली. 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदाही झाला. पण विद्यार्थिनींच्या बॅगेत आजही जाड फायली असतात: केअर प्लॅन, केस स्टडी, प्रोसिजरच्या नोंदी. यातलं बरंचसं सीनियरच्या फाइलमधून उतरवलं जातं, हे उघड गुपित आहे. अशा फायलीत चिंतनाचं आणखी एक पान घातलं, तर तेही उतरवलं जाईल.

माझ्या मते अडचण विद्यार्थिनींच्या आळसाची नाही. ज्या मॅडम मार्क देणार आणि ज्या सिस्टर सही करणार, त्यांच्याच हातात "मला उठवायची भीती वाटली" हे वाक्य कोण देईल? मार्क मिळणार असतील तर मुली मॅडमना आवडेल असं चिंतन लिहिणार. त्यात चूक छोटी असते, पश्चात्ताप मोठा असतो आणि शेवटी सगळं सुरळीत होतं.

म्हणून काही शिक्षक मजकुराला मार्क देत नाहीत, फक्त लिहिलंय का एवढंच बघतात. काही जणी ड्युटी संपल्यावर पाच-सहा मुलींना बसवून तोंडीच विचारतात, आणि सुरुवात स्वतःच्या जुन्या चुकीपासून करतात. त्याला ना फाइल लागते ना फॉर्म. हँडओव्हरनंतरची पंधरा मिनिटं लागतात, आणि जिथे एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो तिथे तीच मिळत नाहीत.