खंडकाळ आणि व्यवसायांतर : कर्जत-खालापूर परिसरातील कातकरी

दीर्घ खंडानंतर मनुष्य पुन्हा कामाला लागतो, आणि तेही पूर्वीहून निराळ्या क्षेत्रात, तेव्हा त्याचे श्रेय आपण सामान्यतः त्याच्या जिद्दीला देतो. व्यक्तिचरित्रापुरते हे ठीकच आहे. परंतु एका संबंध समाजावर असे व्यवसायांतर एकाहून अधिक वेळा ओढवले, तर केवळ जिद्दीच्या आधारे त्याचा उलगडा होत नाही. रायगड जिल्ह्यात घाटपायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांतील कातकरी समाजाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. जुने काम सुटणे आणि नवे हाती येणे यांमधील काळास प्रस्तुत लेखात ‘खंडकाळ’ असे म्हटले आहे. या खंडकाळात माणसाला कोण पोसतो, यावरूनच नव्या कामाच्या अटी ठरतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम नावाचा विचार करू. ‘कातकरी’ अथवा ‘काथोडी’ हे नाव खैराच्या झाडापासून कात तयार करण्याच्या धंद्यावरून पडले. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले, त्या वेळी कर्जत हा त्या जिल्ह्याचाच भाग होता. त्यातही नावाची हीच उपपत्ती दिलेली आहे. कात किंवा काथ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘क्वाथ’ म्हणजे काढा या शब्दाशी जोडला जातो, आणि तो धंद्याच्या कृतीशी जुळणाराही आहे. खैर तोडावयाचा, त्याच्या गाभ्याच्या ढलप्या काढावयाच्या, त्या मडक्यांत उकळावयाच्या आणि आटलेला रस वाळवून वड्या पाडावयाच्या, अशी ती रीत होती. झाड कोणते घ्यावे, गाभा कधी पक्व होतो, रस किती आटवावा, हे सारे ज्ञान करणाऱ्याच्या हाती होते. येथे कातकरी कारागीर होता.

हा धंदा मोडला तो मागणी सरली म्हणून नव्हे. पानात कात होताच, आणि कातडे कमावण्यासही तो लागत होता. बदलली ती जंगलाची मालकी. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. इमारती लाकूड व जळण यांचे मोल वाढले. आणि १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलातील तोडीवर सरकारी नियंत्रण दृढ झाले. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतून जंगलविषयक तक्रारी इतक्या उठल्या की त्यांच्या चौकशीसाठी १८८५ साली आयोग नेमावा लागला. खैरावर कुऱ्हाड चालविणे हा आता अपराध ठरू लागला. ज्याच्या हाती शेत होते त्याला या काळात निदान शेताचा आधार होता. कातकऱ्याचे शेत म्हणजे जंगलच. ते गेल्यावर त्याला खंडकाळ निभावण्याचे साधन उरले नाही.

या पोकळीत कोळशाचा ठेकेदार आला. त्याने आधी धान्य व पैसा दिला आणि काम नंतर घेतले. झाड तेच, जंगल तेच, विस्तवाशी परिचयही जुनाच. परंतु झाड निवडण्याचा अधिकार गेला आणि कारागिराचा मजूर झाला. १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यानंतरही कित्येक दशके कातकरी कुटुंबे मुंबईच्या चुलींसाठी रानोमाळ कोळसा पाडीत होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल व गॅस आले, जंगलतोडीवरील निर्बंधही वाढले, आणि कोळशाच्या भट्ट्या थंडावल्या. पुन्हा खंडकाळ आला आणि पुन्हा नवे क्षेत्र आले; ते विटभट्टीचे. येथे तर खंड दरवर्षीचाच आहे. पावसाळ्यात भट्टी बंद असते, घरात दाणा नसतो, आणि त्याच वेळी भट्टीवाल्याकडून उचल घेतली जाते. पाऊस सरला की जोडपे मुलाबाळांसह भट्टीवर जाते. हजार विटांमागे ठरलेल्या दराने उचल फिटू लागते. हिशेब उन्हाळ्याच्या अखेरीस होतो. बाकी अंगावर राहिली तर पुढील वर्षाची भट्टी आधीच ठरून जाते. ‘उचल’ हा शब्द घेणाऱ्याच्या क्रियेवरून बनला आहे. प्रत्यक्षात उचलला जातो तो घेणाराच.

भाषेनेही या स्थित्यंतराची एक खूण ठेवली आहे. ‘कातकरी’ हे शेतकरी या शब्दाच्या धर्तीचे नाव, करणाऱ्याला कर्तेपण देणारे. कोळशावरून या समाजास तसे नाव मिळाले नाही. ‘विटकरी’ हा शब्द मराठीत आहे, पण तो रंगाचा वाचक आहे, माणसाचा नव्हे.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच सापडते. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापिला. पुढे तो हिंगण्यास गेला. तरुणपणीच विधवा झालेल्या पार्वतीबाई आठवले तेथे शिकल्या, त्याच संस्थेच्या कार्यकर्त्या झाल्या आणि १९१८ साली तिच्या कार्यासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांची जिद्द निर्विवाद होती. परंतु शिकण्याच्या वर्षांत आश्रयाचे एक स्थान होते, आणि तेथील अन्नाची किंमत कोणाच्या भट्टीवर फेडावयाची नव्हती, हेही तितकेच खरे.

शासनाने या प्रश्नाची नस ओळखली नाही असे नाही. १९७६ च्या अधिनियमाने वेठबिगारी रद्द झाली. १९७८ पासून आदिवासींना पावसाळ्यासाठी खावटी कर्ज देण्याची योजना आली; २०२० साली महासाथीच्या काळात तीच प्रति कुटुंब ४००० रुपयांच्या अनुदानाच्या रूपाने, निम्मी रोख व निम्मी वस्तुरूपाने, पुन्हा आणली गेली. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने जंगलाशी तुटलेला धागा जोडण्याची वाट दाखविली. यांपैकी खावटीचे तत्त्व आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे आहे, कारण ते कामाविषयी काही न बोलता खंडकाळाविषयी बोलते. मात्र उचल पावसाच्या तोंडाशी घरपोच येते; तिच्याशी स्पर्धा करावयाची तर खावटीला उशीर परवडणारा नाही.

तात्पर्य, व्यवसायांतराच्या इतिहासकाराने जुना धंदा व नवा धंदा यांची केवळ यादी करून थांबू नये. त्या दोहोंमधील रिकामे महिने व रिकामी वर्षे यांचा हिशेब मांडावा. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर तो हिशेब ठेकेदाराच्या वहीत अधिक सापडेल, सरकारी दप्तरात कमी. आणि ज्यांच्या नावावर तो लिहिला गेला त्यांच्या तोंडून तर अजून फारच थोडा घेतला गेला आहे.