हौशी आणि धंदेवाईक : विंबल्डनच्या हिरवळीवरील तीन दिवस

टेनिसच्या इतिहासात १९६७ सालच्या ऑगस्ट महिन्यातील तीन दिवसांचे महत्त्व फार मोठे आहे. २५ ते २८ ऑगस्ट या अवधीत, मधला रविवार वगळून, लंडनमधील विंबल्डनच्या मुख्य मैदानावर आठ पुरुष खेळाडूंचे सामने झाले. सामने थोडे, खेळाडू मोजके. परंतु त्या हिरवळीवर दरवर्षी भरणाऱ्या अजिंक्यपदाच्या स्पर्धेचे दार या आठही जणांस बंद होते. त्यांचा अपराध एवढाच, की ते उघडपणे मोबदला घेऊन खेळत.

ही बंदी कशी आली, हे थोडक्यात पाहू. विंबल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली, तेव्हा टेनिस हा सवड आणि सुबत्ता असलेल्यांचा खेळ होता. हिरवळ राखावयाची म्हणजे माणसे, पाणी आणि पैसा हवा. ज्यास पोटाची चिंता नाही तोच खरा सद्गृहस्थ, आणि तोच खरा खेळाडू, अशी समजूत त्यातून रूढ झाली. खेळावर पोट भरणारा तो 'धंदेवाईक'. त्यास विंबल्डन नाही आणि डेव्हिस चषकही नाही. १९३४ पासून लागोपाठ तीन वर्षे विंबल्डन जिंकणारा फ्रेड पेरी धंदेवाईक होताच परका झाला. ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने १९६२ साली जगातील चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. धंदेवाईक झाल्यावर पुढील वर्षी त्यास त्यांपैकी एकाही स्पर्धेत स्थान उरले नाही. हे नामवंत वीर गावोगाव फिरत, मिळेल त्या सभागृहात तात्पुरती जमीन अंथरून खेळत. इकडे 'हौशी' म्हणविणारे प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पैसे घेत, आणि ही गोष्ट सर्वांस ठाऊक असे. हा सारा व्यवहार म्हणजे धडधडीत असत्य आहे, असे खुद्द विंबल्डन संस्थेचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनी बोलून दाखविले.

त्यांनीच पुढे पाऊल टाकले. ब्रिटनमध्ये तेव्हा रंगीत दूरचित्रवाणी नुकतीच सुरू झाली होती. त्या प्रसंगाचे निमित्त साधून बी.बी.सी.च्या साह्याने धंदेवाईकांची स्पर्धा भरविण्यात आली. पारितोषिकांची रक्कम पंचेचाळीस हजार डॉलर. लेव्हर, केन रोझवॉल, पांचो गोन्झालेस, ल्यू होड, आंद्रेस हिमेनो, फ्रेड स्टोल, डेनिस रॅल्स्टन आणि बुच बुकहोल्झ हे ते आठ जण. लोक या खेळाडूंस विसरले असतील, ही शंका प्रेक्षकांच्या गर्दीने दूर केली. अंतिम सामन्यात लेव्हरने रोझवॉलचा ६-२, ६-२, १२-१० असा पराभव केला. पहिले दोन डाव सहज गेले; तिसऱ्यात रोझवॉल बावीस गेमपर्यंत झुंजला. पैशासाठी खेळणारा मनापासून खेळत नाही, या आक्षेपास त्या डावाने परस्पर उत्तर दिले.

परिणाम लवकरच दिसला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी-धंदेवाईक हा भेद मोडण्याचा ठराव केला. ३० मार्च १९६८ रोजी पॅरिस येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय संघटनेने खुल्या स्पर्धांस मान्यता दिली. त्या वर्षीचे विंबल्डन सर्वांस खुले झाले. ते लेव्हरनेच जिंकले आणि दोन हजार पौंडांचे पारितोषिक राजरोस स्वीकारले.

ठाण्याच्या पूर्वेस कोपरीसारख्या दाट वस्तीत राहणारा श्रोता येथे विचारील, की त्या दूरच्या हिरवळीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. हाच भेद इंग्रजी अमदानीत आपल्या जिमखान्यांतही आला होता. तेथे 'मार्कर' म्हणून एक नोकर असे. तो गुण मोजी, सभासदांबरोबर खेळे, नवशिक्यांस हात बसवून देई. खेळ त्याच्या अंगी मुरलेला असे. पण तो पगारी, म्हणून सभासदांच्या स्पर्धेत त्यास जागा नसे. येथे वर्गभेदाने खेळाच्या नियमाचा अंगरखा घातला होता, असेच म्हणावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रामनाथन कृष्णन् हे १९६० व १९६१ साली विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. जॅक क्रेमरने त्यांच्यापुढे तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलरांचा करार ठेवला होता. तो त्यांनी नाकारला. कारण तो स्वीकारल्यास डेव्हिस चषकात देशासाठी खेळता आले नसते. या त्यागास वंदन करावे तेवढे थोडेच. परंतु देश आणि उपजीविका यांपैकी एकच निवड, असे कोडे खेळाडूपुढे टाकणारा तो नियम त्यामुळे न्याय्य ठरत नाही.

आपल्या मातीची परंपरा याहून उदार आहे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी तालमींस आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची तजवीज केली, १९१२ साली खासबाग मैदान उभारले. तेथे जिंकणाऱ्या मल्लाने इनाम घेतले म्हणून त्याची कुस्ती हलकी झाली, असे कोणी म्हटले नाही. उलट, इनाम हा त्याच्या कसाचा गौरव मानला गेला.

२०१८ पासून २०२३ पर्यंत, एका वर्षाचा खंड वगळता, पुण्याच्या बालेवाडीस धंदेवाईक पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरत असे. मैदान हिरवळीचे नव्हते, कठीण पृष्ठाचे होते. आणि खेळाडू सद्गृहस्थ आहे की पगारी, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. तो प्रश्न पुसला जाण्यास विंबल्डनच्या त्या तीन दिवसांचे मोठे साह्य झाले. श्रमाने मिळविलेल्या कौशल्याचे मोल उघडपणे घेण्यात कमीपणा नाही; ते लपून घ्यावयास लावणाऱ्या व्यवस्थेत मात्र आहे. त्या स्पर्धेपासून घ्यावयाचा बोध एवढाच.